आपोआप जाणारं उत्तर

सकाळी साडेनऊला ईदाचा मेल आला. ईदा आमच्या विद्यापीठाची वेबसाइट सांभाळते. परदेशातून शिष्यवृत्तीवर आलेल्या विद्यार्थ्यांसाठी मदतीचं जे पान आहे ते तिने नव्याने मांडलं होतं, आणि ज्यांची नावं त्यावर आहेत त्यांनी आपापला मजकूर वाचून चार वाजेपर्यंत 'मान्य' असं कळवायचं होतं. माझं नाव सगळ्यात वर. फोटो सात-आठ वर्षांपूर्वीचा, केस अजून काळे आहेत, आणि मी कोणाकडे तरी बघून हसते आहे. खाली लिहिलंय : 'सिर्पा वाइनिक्का. घर, आजारपण, रजा, एकटेपणा, कसलीही अडचण असो, सिर्पाला लिहा. संकोच करू नका.' हे वाक्य माझंच. चौदा वर्षांपूर्वी मी या खुर्चीत बसले तेव्हा पहिल्याच आठवड्यात लिहून दिलं होतं, आणि तेव्हा ते मला फार आवडलं होतं. आज वाचलं आणि हातातला कॉफीचा कप खाली ठेवावा लागला. 'मान्य' हा एक शब्द टाइप करायचा होता. पाच अक्षरंसुद्धा नाहीत त्यात. मी तो मेल बंद केला, उघडला, परत बंद केला. खिडकीबाहेर बर्च झाडांची शेवटची पिवळी पानं गळत होती, पलीकडे तळ्याच्या काठाने कोणी तरी कुत्रं फिरवत होतं. उद्यापासून माझी शरद ऋतूची आठवडाभराची रजा आहे. त्याआधी दोन कामं उरली होती : हे पान मान्य करायचं, आणि रजेच्या काळात मेल लिहिणाऱ्यांना आपोआप जाणारं उत्तर लावून ठेवायचं. दोन्ही मिळून तीन मिनिटांची कामं. मी सकाळपासून त्यांच्यासमोर बसून होते.

उत्तरेकडच्या आमच्या या देशात जुलै महिना नसतोच. कॅलेंडरवर असतो, पण माणसं नसतात. जूनच्या शेवटच्या शुक्रवारी जो तो आपल्या टेबलावरची झाडं खिडकीत एकत्र नेऊन ठेवतो, मेलवर आपोआप जाणारं उत्तर लावतो, आणि तळ्यावरच्या लाकडी घरात जाऊन बसतो ते ऑगस्ट उजाडेपर्यंत. सात महिन्यांचा काळोख ज्याने काढलाय त्याला त्या पाच आठवड्यांचा हिशेब कोणी विचारत नाही. आमच्या घरी तर एस्कोचा नियमच आहे. एस्को म्हणजे माझा नवरा. गाडीतून सामान उतरवलं की तो बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा माझ्यासमोर धरतो आणि मी त्यात माझा फोन टाकते. झाकण लागतं, डबा चुलीवरच्या फळीवर जातो. यंदाही टाकला. मला अगदी आठवतं, झाकण लागल्याचा आवाज झाला आणि मला खांद्यांवरून कोणी तरी जू काढून घेतल्यागत वाटलं. मग पाच आठवडे सौनातली वाफेची अंघोळ, तळं, ब्लूबेरी, जाळ्यात आलेले मासे, आणि रात्री अकरालाही न मावळणारं ऊन. मी सुखात होते. हे कबूल केलंच पाहिजे, कारण पुढे मी कितीही सांगितलं तरी हे पुसता येत नाही. सोळा जुलैला मी काय करत होते हेही मला ठाऊक आहे. त्या दिवशी मी नव्या बटाट्यांवर शेपू घातला होता आणि एस्को म्हणाला होता, असे बटाटे गेल्या दहा वर्षांत झाले नाहीत.

चार ऑगस्टला ऑफिसात आले. दोनशेबारा मेल. मी जुन्यापासून वाचत येते, ही माझी सवय. लिंबानी काचालेचा पहिला मेल दोन जुलैचा होता. लिंबानी मलावीचा. आमच्याकडे वनशास्त्र शिकायला आलेला, दुसरं वर्ष, सत्तावीस वर्षांचा, उंच, पाठीत किंचित वाकून चालणारा. पहिल्या हिवाळ्यात मीच त्याला जुन्या कपड्यांच्या दुकानात नेऊन कोट घेऊन दिला होता. इथे सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात, प्राध्यापकांनासुद्धा, पण त्याला काही ते जमलं नाही. तो मला 'अमायी' म्हणायचा. त्यांच्याकडे मोठ्या बाईला तसंच म्हणतात, आणि आईलाही तेच म्हणतात, हे त्याने मला बऱ्याच उशिरा सांगितलं. मेलमध्ये लिहिलं होतं : अमायी, माझी आई आजारी आहे, पोटातल्या गाठीवर आता इलाज नाही असं डॉक्टर म्हणतात, भावाने तिकिटाची सोय केली आहे, तीन आठवडे घरी जाण्याची परवानगी मिळावी, तुमच्या सुट्टीत त्रास देतो आहे, माफ करा. शिष्यवृत्तीच्या नियमात आहे तसं. देश सोडण्याआधी इथल्या संपर्क-व्यक्तीची लेखी परवानगी लागते, नाहीतर शिष्यवृत्ती थांबू शकते. ती संपर्क-व्यक्ती म्हणजे मी. चौदा वर्षांत मी एकालाही नाही म्हटलेलं नाही. खरं सांगायचं तर मी ते अर्ज वाचतही नाही, सही करते. दुसरा मेल चार जुलैचा, सोबत रीतसर भरलेला अर्ज, कारण अर्ज जोडला नाही म्हणून उत्तर आलं नसेल असं त्याला वाटलं. तिसऱ्याला डॉक्टरांचं पत्र जोडलेलं. चौथा मेल तेरा जुलैचा, तो आमच्या भाषेत होता. हा मुलगा दोन वर्षं इंग्रजीतून शिकतोय, आमची भाषा त्याला दुकानापुरती येते. कुठून कुठून शब्द गोळा करून त्याने सहा ओळी लिहिल्या होत्या. परक्या भाषेत लिहिलं म्हणून कोणी वाचत नसेल, असं त्याला वाटलं असणार. आणि पाचवा सोळा जुलैचा. एकच ओळ. आता परवानगीची गरज राहिली नाही, आभारी आहे.

पाचही वेळा त्याला माझं उत्तर गेलं होतं. 'तुमच्या संदेशाबद्दल मनापासून आभार. मी चार ऑगस्टपर्यंत रजेवर आहे. तातडीचं काम असल्यास पैवीला लिहा. तुम्हाला लवकरच उत्तर मिळेल. तुमचा उन्हाळा छान जावो.' त्याने पैवीला लिहिलं. पैवी माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. तिची रजा खरं म्हणजे पंधरा जुलैपासून होती, पण तिच्या लेकीचं बाळंतपण तीन आठवडे आधीच झालं, म्हणून ती तीस जूनलाच धावतपळत गेली, आणि जाता जाता आपलं उत्तर लावून गेली : मी रजेवर आहे, विभागाच्या सामायिक पत्त्यावर लिहा. त्याने सामायिक पत्त्यावर लिहिलं. त्या पत्त्यावरून उत्तर आलं : उन्हाळ्यात कार्यालय बंद आहे, शिष्यवृत्तीच्या विद्यार्थ्यांनी सिर्पा वाइनिक्काशी संपर्क साधावा. मी कागदावर तीन ठिपके काढले आणि बाणांनी जोडले. गोल झाला. त्या गोलात तो मुलगा चौदा दिवस फिरला, आणि फिरता फिरता प्रत्येक ठिपक्यावर त्याचे मनापासून आभार मानले गेले. पैवीला दाखवलं तेव्हा ती रडली. माझ्या डोळ्यांत काही पाणी आलं नाही. मला आठवलं की ते सामायिक पत्त्याचं वाक्य गेल्या वर्षी मीच लावलं होतं.

पण चीड आणणारी गोष्ट ही नाही. यंत्राचा घोटाळा कुठेही होतो. चीड याची येते की दुसरा कोणीही असता तर निघून गेला असता. घाना, नेपाळ, कोलंबिया, कुठलाही पोरगा पहिल्या मेलनंतर दोन दिवस वाट बघतो आणि विमानात बसतो, परत आल्यावर माझ्यासमोर खाली मान घालून उभा राहतो आणि मी मागच्या तारखेची सही करते. लिंबानी थांबला, कारण मी त्याला थांबायला शिकवलं होतं. दर सप्टेंबरला नव्या मुलांसमोर माझं वीस मिनिटांचं भाषण असतं. त्यात मी दार ठोठावण्याची गोष्ट सांगते. तुमच्याकडे काम असलं की माणसं दारात जाऊन उभी राहतात, इथे तसं करायचं नाही, इथे लिहायचं. इथे लिहिलेलं म्हणजे झालेलं. उत्तर येतंच, धीर धरा, उत्तर आल्याशिवाय पाऊल उचलू नका. आणि मग मी त्या मुलीची गोष्ट सांगते, जी न विचारता घरी गेली आणि जिची शिष्यवृत्ती एका सत्रासाठी थांबली. पोरं हसतात, जरा घाबरतातही. मला ते घाबरणं आवडायचं. लिंबानी दुसऱ्या रांगेत बसला होता आणि एका निळ्या वहीत लिहून घेत होता. भाषणं लिहून घेणारा मुलगा मी त्याआधी पाहिला नव्हता. मला इतकं कौतुक वाटलं होतं त्याचं की घरी जाऊन एस्कोला सांगितलं.

ऑगस्टमध्ये आमची बैठक झाली. हान्नेले, म्हणजे आमची विभागप्रमुख, चांगली बाई आहे. ती म्हणाली, सिर्पा, यात कोणा एकाची चूक नाही, संपर्काच्या साखळीत एक फट राहिली, ती आता बुजवू. अहवालात तसं लिहिलं गेलं. मीच लिहिला तो अहवाल. 'फट' हा शब्द लिहिताना मला माझी आई आठवली. तिच्या शेवटच्या सकाळी वृद्धाश्रमातल्या नर्सने पाचला फोन केला आणि मी रात्रीच्या कपड्यांवर कोट घालून साठ किलोमीटर गाडी हाणली. पोहोचले. तिचा हात अजून ऊबदार होता आणि तिने माझं बोट धरलं, म्हणजे निदान मी तसं धरून चालते. त्यानंतर दहा वर्षांत मी कितीदा तरी स्वतःला सांगितलंय की बाई, बाकी काही नसेल, पण तू पोहोचलीस. त्या एका गोष्टीवर मी उभी आहे. तीच मी लिंबानीकडून काढून घेतली, आणि अहवालात तिचं नाव फट. एस्को म्हणतो, किती दिवस उगाळणार आहेस, तू मुद्दाम केलंस का. नाही केलं. मुद्दाम करणाऱ्याला निदान करताना कळतं तरी.

तेव्हापासून अडीच महिने मी लिंबानीला तोंड दाखवलेलं नव्हतं. ऑगस्टमध्ये एक पत्र लिहिलं होतं, दुःख झालं, माफ कर, माझं दार तुझ्यासाठी उघडं आहे वगैरे. त्याने तासाभरात उत्तर दिलं, तुमच्या संदेशाबद्दल आभारी आहे. ते माझेच शब्द वाचून मी दचकले होते, मग स्वतःला समजावलं की सभ्य मुलगा आहे, आणखी काय लिहील. आज ईदाचं ते पान समोर असताना मला वाटलं, त्याला विचारल्याशिवाय माझ्याने हा 'मान्य' लिहवणार नाही. काय विचारणार होते कोण जाणे. शिव्या खायला निघाले होते म्हटलं तरी चालेल. एक वाजता कोट चढवला आणि तळ्याच्या काठाने वनशास्त्राच्या इमारतीकडे गेले. आधी मेल केला नाही. सरळ जाऊन दार ठोठावलं.

तो लाकडाच्या चकत्यांवर वाकून वर्षांची वलयं मोजत होता. मला पाहून उभा राहिला, खुर्ची दिली, देण्याआधी हाताने पुसली. तब्येत विचारली, एस्कोची विचारली. कॉफी आणतो म्हणाला. मी नको म्हटलं आणि जे बोलायचं ठरवलं होतं ते सगळं एका दमात बोलून टाकलं, ठिपके, बाण, वही, ती मुलगी, माझं भाषण. तो मान खाली घालून ऐकत राहिला. त्याच्या हातातली चकती तो बोटाने गोल फिरवत होता. माझं बोलणं संपल्यावर म्हणाला, "तुम्ही उगाच मनाला लावून घेताय, अमायी. तुमची उत्तरं तर येत होती."

मी म्हटलं, ती उत्तरं नव्हती, लिंबानी. ते यंत्र होतं.

"ते मला माहीत होतं," तो म्हणाला. "पण आई रोज संध्याकाळी फोनवर विचारायची, पत्र आलं का? मग मी वाचून दाखवायचो. आमच्या बोलीत करून. ती म्हणायची, परत वाच. ते 'मनापासून आभार' तिला फार आवडायचं. म्हणायची, एवढ्या मोठ्या शाळेतली बाई आणि माझ्या पोराचे आभार मानते. चांगली माणसं आहेत रे ती, त्यांचा मान मोडू नकोस, त्यांनी जा म्हटल्यावरच ये."

खोलीत लाकडाचा ओलसर वास होता. मी विचारलं, मग तू तिला सांगितलं का नाहीस, की हे कोणी लिहिलेलंच नाही.

"सांगणार होतो की. दोनदा तोंडापर्यंत आलं. पण मग तिला काय वाटलं असतं? की तिकडे आपल्या पोराचं कोणीच नाही. ते घेऊन गेली असती ती." त्याने चकती टेबलावर ठेवली. "शेवटच्या दिवशी तिला बोलता येत नव्हतं. भावाने फोन तिच्या कानाला लावला. मला काही सुचेना, अमायी. काय बोलतात अशा वेळी? मी तेच वाचलं. 'तुमचा उन्हाळा छान जावो'पर्यंत सगळं वाचलं."

मला वाटतं मी उठले. तोही उठला. रडावं म्हटलं तर हक्क त्याचा होता, माझा नव्हता, म्हणून मी पर्स उघडून उगाच काही तरी शोधत राहिले. मग कागदावर माझा घरचा फोन नंबर लिहून दिला. म्हटलं, हा डब्यात जात नाही, हा कधीही लाव. त्याला डब्याचं काही कळलं नसणार. त्याने खणातून ती निळी वही काढली, नंबर नीट आकडे वळवून तिच्यात उतरवला, आणि कागद मला परत दिला. वहीत वरच्या ओळीत काय लिहिलंय ते मी वाचायचं नाही असं ठरवलं होतं, तरी डोळा गेलाच. 'इथे लिहिलेलं म्हणजे झालेलं.' खाली दोन रेघा ओढल्या होत्या. तो मला दारापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, जपून जा, काठावर पानं ओली झाली आहेत. त्याच्या आवाजात कुठेही राग नव्हता. मी पूर्ण वाटभर तो राग शोधत आले. सापडला असता तर कुठे तरी टेकायला जागा झाली असती.

ऑफिसात परतले तेव्हा साडेतीन झाले होते. पैवी म्हणाली, तू भिजलीस की. मी म्हटलं, हो. ईदाचं पान पुन्हा उघडलं. माझ्या नावाखालचं वाक्य पुसून टाकलं, आणि त्या जागी दुसरं काही लिहावं म्हणून बसले. खरं काय लिहिणार? सिर्पाला लिहा, ती असेल तर बघेल. सिर्पाला लिहू नका, आधी घरी जा. हान्नेले ते चालू देणार नाही, आणि तिचं बरोबरही आहे. मग वाटलं नावच काढून टाकावं. पण माझं नाव काढलं तर खाली पैवीचं राहतं, आणि तिच्याखाली तो सामायिक पत्ता, ज्याची पत्रं माझ्याकडेच येतात. या विद्यापीठात अकरा देशांची सदतीस मुलं आहेत आणि त्यांना लिहायला दुसरी बाई नाही. चारला पाच मिनिटं कमी असताना मी पुसलेलं वाक्य परत आणलं आणि ईदाला कळवलं, मान्य.

दुसरं काम राहिलं होतं. मी रजेचं उत्तर लावायची खिडकी उघडली. तिथे जुलैचा मजकूर अजून तसाच बसलेला होता. मी पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत सगळा खोडला. पांढरी चौकट राहिली. ती मला बरी वाटली. कोणी लिहिलं तर त्याला काहीच जाणार नाही, आणि काहीच आलं नाही म्हणून तो माणूस निदान चिडेल, बॅग भरेल, निघेल. मी तशीच ती चौकट जतन करायला गेले. कॉम्प्युटरने लाल अक्षरांत सांगितलं की मजकूर रिकामा ठेवता येत नाही. दुसऱ्यांदा केलं, पुन्हा तेच. हवं तर मी उत्तर बंदच ठेवू शकले असते, पण रजेवर जाताना उत्तर लावलंच पाहिजे, असं त्या अहवालाच्या शेवटी लिहिलंय, आणि ते मीच लिहिलंय. बाहेर अंधार पडायला लागला होता. पैवीने आपला दिवा मालवला, सुट्टी छान घालव म्हणाली आणि गेली. मी बराच वेळ बोटं अक्षरांवर ठेवून बसले. दूर मलावीतल्या कुठल्या तरी तळ्याकाठच्या गावात एका म्हातारीच्या कानाला फोन लावलेला मला दिसत होता, आणि तिला पुढचं ऐकायचं होतं. मग मी लिहिलं, तुमच्या संदेशाबद्दल मनापासून आभार.